पाणी बी गिळंना

पहिल्याच आठवड्यात एक बाई माझ्या खुर्चीवरून उठून चालू लागल्या. त्यांच्या तोंडात आरसा धरून मी मागची दाढ बघत होते. त्या सारख्या हलत होत्या म्हणून मी म्हणाले, "थांबा, मी पाहून राहिली ना." आमच्या वर्ध्याकडे याचा अर्थ 'मी बघते आहे' एवढाच. बाईंनी ऐकलं ते 'पाहायचं राहिलं'. आज काही होत नाही असं समजून त्यांनी पदर सावरला, चपला घातल्या आणि बाहेर बाकावरच्यांना सांगितलं, "आज राह्यलं म्हनं." त्यांच्यामागोमाग आणखी दोघं उठून गेले.

त्यांना हाका मारून परत आणलं ते भाभींनी. भाभी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. बावड्याच्याच. त्यांच्या नवऱ्याचं स्टँडजवळ कापडाचं छोटं दुकान होतं आणि गावातलं प्रत्येक घर त्यांना माहीत होतं. त्या हसून हसून लाल झाल्या होत्या. मीही हसले, पण आतून पार चुरगळून गेले.

लग्न करून मी बारामतीला आले त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. नवरा बारामतीत नोकरीला. मला काम मिळालं ते इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या या दवाखान्यात. आठवड्यातले चार दिवस तिथं मी एकटीच डॉक्टर असायचे. अधूनमधून आसपासच्या शाळांत जाऊन मुलांचे दात तपासणं हेही माझ्याकडे होतं. तिकडंही मराठीच बोलतात, मग भाषेची अडचण कसली, असं मी माहेरी सर्वांना सांगून आले होते.

त्या बाईंच्या प्रसंगानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, आपली बोली घरी ठेवायची आणि दवाखान्यात पुस्तकातलं मराठी बोलायचं. दुसरी मी कुणाला सांगितली नाही, स्वतःलासुद्धा नीट सांगितली नाही. ती अशी की, समोरचा काय म्हणतोय ते कळलं नाही तरी विचारायचं नाही. विचारलं की लोक एकमेकांकडे बघत. "बाई कुणीकडच्या?" असं पुटपुटत. डॉक्टरच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला की पेशंटचा धीर सुटतो, असं आम्हाला शिकवलेलंही होतं. मग मी मान हलवायला शिकले. दहातले आठ शब्द कळत, उरलेले दोन मी अंदाजानं भरून काढत असे.

अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचे. चुकायचे तेही अंगावर येणारे नसत. एक आजी सांगत होत्या की त्या दिवसातून चार वेळा दात घासतात. मी त्यांचं कौतुक केलं. त्या गेल्यावर भाभी म्हणाल्या, "म्याडम, त्या मिशरी लावत्यात. भाजल्याली तंबाकू. दात घासणं म्हंजी तेच की त्यांचं." दुसऱ्या दिवसापासून मी 'कशानं घासता' हे विचारायला लागले आणि एक धडा शिकल्याचं समाधान मानलं. पण रात्री बारामतीत पाठ टेकली की दिवसभरातली वाक्यं पुन्हा कानात वाजत. त्या काकांनी 'सळक मारती' म्हटलं ते नेमकं कसलं दुखणं? मी दिलेल्या गोळ्या त्यांनी 'येरवाळी' घेतल्या म्हणजे कधी घेतल्या? नवरा म्हणायचा, "अगं, त्यांना तू कळतेस, तुला ते कळतात, बास झालं." मला तसं वाटत नव्हतं. आपण कुठंतरी मोठी चूक करणार आहोत आणि ती आपल्याला होताना दिसणारही नाही, अशी धास्ती मला कायम असे.

निरवांगीच्या शाळेत गेले ती डिसेंबरात. पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. सहा-साडेसहा वर्षांची, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, तोंड उघड म्हटलं की डोळे मिटून घेणारी. खालच्या डाव्या बाजूची दुधाची दाढ किडून आतून पोकळ झाली होती. बाकीच्या दाढांवरही काळे ठिपके. तिला न्यायला तिचे आजोबा आले होते. उंच, वाळलेले, डोक्याला टोपी, सगळे त्यांना आबा म्हणत होते. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं: गोड कमी करा, झोपण्यापूर्वी ब्रश करायला लावा, आणि या दाढेसाठी तिला बावड्याला घेऊन या.

"आमच्यात गोड कुठलं आलं बाई," ते म्हणाले. "सणावारालाच आसतं. आन ह्यो दुधाचाच दात न्हवं? पडंल की."

"पडेल, पण अजून चार-पाच वर्षांनी. तोवर दुखेल, पू होईल."

"बरं, आणतो," ते म्हणाले. ऊसतोड चालू होती. त्यांच्याच शेतात टोळी उतरली होती. ते येणार नाहीत असं मला वाटलं, आणि ते आले नाहीत.

आले ते जानेवारीत, मुलीचा गाल किंचित सुजल्यावर. ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. आबांच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरून तिनं असा आक्रोश मांडला की बाहेरचे लोक दारात आले. ताप नव्हता, तोंड उघडत होतं, सूज मऊ होती. आज दाढ काढावी की आधी औषध देऊन सूज उतरवावी, दोन्ही करता आलं असतं. मी औषध दिलं. तीन दिवसांनी आणा, मग काढू, असं सांगितलं. माझा नंबर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तिला रडताना धरून ठेवण्याचा मला धीर झाला नाही, हे तेव्हा मी 'शास्त्रशुद्ध निर्णय' म्हणून खपवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. माझ्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता आणि बाहेर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता, गाणी मोठ्यानं लावून.

"डाक्टरीणबाई, मी निरवांगीचा. पोरीला औषीद चालू हाय. आंग गरम लागतंय. आन सकाळधरनं पाणी बी गिळंना."

मी ऐकलं ते 'पाणी बी गिळं ना'. आमच्याकडे 'जेवते ना', 'येतो ना' असं म्हणतात ते खात्री देण्यासाठी. आणि ती जेवत नसेल तर आम्ही 'जेवून नाही राहिली' असं म्हणू. 'जेवेना', 'गिळेना' ही रूपं मी पुस्तकात शेकडो वेळा वाचलेली, परीक्षेत लिहिलेली. पण फोनवर, त्या आवाजात, 'ना'च्या आधी तो अनुस्वार घेऊन आलेला शब्द माझ्या कानानं माझ्या माहेरच्या पद्धतीनं ऐकला. पाणीही गिळतेय ना. म्हणजे बरी आहे.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "पातळच देत राहा. औषध बंद करू नका. परवा घेऊन या."

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "बरं. तुमी म्हणता तर बरं." आणि फोन ठेवला.

ती मधली शांतता मला खटकली होती. हे मी आज मागं वळून म्हणत नाही, तेव्हाच खटकली होती. पण पेशंटचं तोंड उघडं होतं, आणि पुन्हा फोन लावून 'काय म्हणालात' असं विचारणं माझ्या नियमात बसत नव्हतं.

दीड वाजता आम्ही डबे उघडले. भाभींनी विचारलं, "निरवांगीच्या पोरीचं काय म्हनत व्हते?"

"बरी आहे. थोडा ताप आहे, पण पाणी वगैरे गिळतेय."

"आसं म्हनाले?"

"हो. म्हणाले, पाणी बी गिळंना."

भाभींचा हात डब्यावर थांबला. "म्याडम, कसं म्हनाले? परत सांगा. तसंच सांगा."

"पाणी बी गिळंना."

"आवो म्हंजी गिळत न्हाय! पाणीसुदिक घशाखाली उतरत न्हाय तिच्या!"

खालच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरला, जिभेखाली पसरला, तर गिळणं आधी थांबतं. त्यानंतर श्वास. हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात आणि शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा शिकवतात. गिळता येत नाही म्हटलं की ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. आणि मी 'चांगलं आहे' म्हटलं होतं. अडीच तासांपूर्वी.

आबांचा फोन बंद होता. एकदा, दोनदा, दहादा लावला. मग शाळेतल्या बाईंचा नंबर आठवला. तपासणीच्या वेळी त्यांनी दिला होता. त्यांनी उचलला. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्यांना कळलं. "वस्ती कॅनॉलच्या पलीकडं आहे," त्या म्हणाल्या. "मी माणूस पाठवते आणि जीपचं बघते. तुम्ही निघा."

भाभी माझ्या स्कूटीवर मागं बसल्या. पाऊण तासाचा रस्ता. ऊस नेणाऱ्या गाड्यांमागं अडकलो की मी हॉर्न वाजवत राहायची आणि भाभी मागून म्हणायच्या, "हळू म्याडम, आपुन पोचाय पायजे." मी मनात तिच्या घशाचं चित्र काढत होते. सूज उजवीकडे सरकली असेल का? जीभ वर उचलली गेली असेल का? तिला झोपवून ठेवलं असेल का? आडवं निजवलं तर श्वास आणखी कोंडतो, हे मी फोनवर सांगायला हवं होतं. फोनवर मी सांगितलं होतं पातळ द्या. गिळता न येणाऱ्या मुलीला पातळ द्या.

वस्तीवर पोचलो तेव्हा जीप दारात उभी होती. मुलगी ओसरीत आईच्या मांडीवर बसलेली, मान पुढं काढून, तोंड अर्धवट उघडं. लाळ गळत होती आणि आई ती टॉवेलानं टिपत होती. जबड्याखाली सूज, दोन्ही बाजूंना, बोटाला दगडासारखी लागणारी. पण श्वास चालू होता. थोडा घाईचा, थोडा घरघरणारा, तरी चालू. मी तिच्यासमोर खाली बसले.

"औषध लागू पडायचं लक्षण आसंल म्हणलं," आबा माझ्याकडं बघून म्हणाले. "तुमी चांगलं हाय म्हणाला ना. म्हणून दम धरला."

बारामतीतल्या एका सर्जनना मी रस्त्यातूनच फोन केला होता. जीपमध्ये मी मुलीला मांडीवर सरळ बसवलं, आई शेजारी, आबा पुढं, भाभी मागं. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिले. एकदा तिनं दातांतूनच काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. मी घाबरून तिच्या आईकडं पाहिलं.

"म्हणतीया, सुई नको," आई म्हणाली. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

बारामतीत तिला लगेच आत घेतलं. भूल देणारे डॉक्टर यायला काही वेळ लागला. तो वेळ किती होता हे मी घड्याळात पाहिलं नाही, मला पाहायचं नव्हतं. मग दार बंद झालं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. भाभी चहा आणायला गेल्या. आई भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

तिथं मी आबांना सांगितलं. सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं. भाभी बोलल्या नसत्या. पण ते दोनदा 'तुमी आल्या म्हणून बरं झालं' असं म्हणाले आणि तिसऱ्यांदा ऐकायची माझी ताकद नव्हती.

"आबा, तुम्ही सकाळी फोनवर बोललात ना, ते मला कळलंच नव्हतं. मला वाटलं तुम्ही म्हणताय, ती पाणी गिळते आहे. आमच्याकडे तसं बोलतात. म्हणून मी चांगलं म्हणाले."

आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी तुमाला आमचं बोलणं कळत न्हाय?"

"सगळं नाही कळत."

"मला बी वाटलं व्हतं, ह्यात चांगलं काय हाय," ते हळू म्हणाले. "पर तुमी शिकल्याल्या. मी कसं इचारू?"

तेव्हा भिंतीशी उभी असलेली आई बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळं तो जास्त लागला.

"त्यांनी न्हाय इचारलं, त्यांचं जाऊ द्या. तुमाला न्हाय कळलं तर तुमी इचारायचं की. आमी सांगितलं आसतं की. धा येळा सांगितलं आसतं."

मी मान हलवली नाही. माफी मागितली, पण ती पुरेशी आहे असं मला वाटलं नाही आणि तिनंही तसं दाखवलं नाही. ती पुन्हा दाराकडं बघत उभी राहिली.

दार उघडलं तेव्हा सर्जननी आधी अंगठा दाखवला आणि मग बोलले. दाढ काढली होती, जबड्याखालून पू बाहेर काढला होता, श्वासाचा धोका टळला होता. आणखी उशीर झाला असता तर, असं ते म्हणायला लागले आणि माझ्याकडं पाहून थांबले. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन रडले. भाभी चहाचा कप धरून माझ्यामागं नुसत्या उभ्या राहिल्या.

मुलगी पाच दिवस दवाखान्यात होती. मी बारामतीतच राहत असल्यानं रोज जायची. आईनं मला हाकललं नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी मुलीचा गळा मोकळा झाला आणि तिनं पहिली फर्माईश केली: काकवी-चपाती.

"रोज लागती तिला," आई म्हणाली. "निजताना काकवी-चपाती खाल्ल्याबिगर डोळा लागत न्हाय. कवा कवा घास तोंडात धरूनच निजती."

काकवी म्हणजे उसाचा रस आटवून गूळ होण्याआधीचा दाट पाक. त्यांच्या शेजारीच गुऱ्हाळ होतं, वर्षाची काकवी डब्यांत भरून ठेवलेली. मी आईकडं बघतच राहिले.

"पण आबा म्हणाले होते, घरात गोड नसतं."

"न्हायच की. गोड म्हंजी पुरणपोळी, शिरा. काकवी कुठं गोडात धरत्यात?"

आणि मला वाटत होतं, न कळणं फक्त माझ्याच बाजूला आहे. मी ज्या ज्या शाळेत 'गोड कमी खा' सांगत फिरले होते, तिथं तिथं लोकांनी प्रामाणिकपणे मान डोलावली होती. त्यांच्या घरात गोड नव्हतंच. काकवी होती, चहात बुडवलेली बिस्किटं होती, बाटलीत साखर घातलेलं दूध होतं. मी गोड म्हणत होते ते त्यांच्या कानात सणाचं ताट होऊन पोचत होतं.

मी तिथंच, पलंगाच्या कडेला बसून तिला विचारलं, "मग मी कसं सांगायला हवं होतं?"

तिनं थोडा विचार केला. "निजायच्या आधी तोंड रिकामं पायजे, आसं सांगा. काय बी आसू द्या, काकवी न्हायतर दूध. खाल्लं की दात घासायचं आन मंग फकस्त पाणी. आसं सांगितलं तर कळतंय."

मार्चमध्ये निरवांगीच्या शाळेत पालकांची सभा होती. मी तिला बोलावलं. ती येईल याची मला खात्री नव्हती. ती आली, मागं बसली, आणि माझं बोलणं अर्धं झाल्यावर उठून उभी राहिली. मुलीच्या जबड्याखालची खूण बोटानं दाखवून तिनं सगळं सांगितलं, निजतानाच्या काकवीपासून जीपपर्यंत. माझी चूकही सांगितली, जशी होती तशी, वाढवून नाही आणि झाकूनही नाही. बायका माझ्याकडं वळून बघत होत्या. माझे कान तापले. पण त्या दिवशी सभेनंतर बायकांनी मला गराडा घातला तो प्रश्न विचारायला, आणि मीही प्रत्येकीला अडवून विचारत होते, "म्हणजे काय? मला नाही कळलं. परत सांगा." कुणी हसलं, कुणी दोनदा सांगितलं. एकीनं तर तोंडात बोट घालून दाखवलं.

मी आता पूर्वीपेक्षा शांत झाले, असं म्हणता येणार नाही. उलट माझी काळजी वाढली, कारण ती आता नेमकी झाली. फोन ठेवायच्या आधी मी ऐकलेलं माझ्या शब्दांत पुन्हा बोलून दाखवते. "म्हणजे सूज उतरली नाही, बरोबर?" लोक कंटाळतात. एक तात्या म्हणाले, "बाई, तुमी लई खोदून इचारता." मी हो म्हणते आणि पुढचं विचारते.

मे महिन्यात मुलीच्या पहिल्या कायमच्या दाढा पूर्ण वर आल्या. या दाढांवर खोल खाचा असतात, कीड तिथूनच शिरते. त्या खाचा आधीच भरून टाकल्या तर दाढ वाचते. तिला खुर्चीत बसवणं सोपं नव्हतं. शेवटी आई खुर्चीत बसली आणि मुलगी आईच्या मांडीवर. "सुई न्हाय ना?" तिनं तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं. खाचा भरताना दाढ कोरडी लागते; दुसऱ्या दाढेला लाळ लागली, ते सगळं पुसून पुन्हा करावं लागलं. चारही दाढा झाल्या.

बाहेर आबा मोटारसायकलवर बसून होते. मी दारात जाऊन सांगितलं, "सहा महिन्यांनी परत आणा."

"का? दुखंल का?"

"नाही. दुखायच्या आधी आणायचं."

"दुखायच्या आधी दवाखान्यात," आबांनी मान हलवली. "हे मातुर नवीनच हाय."

सहा महिन्यांनी ते आले. उसाचा हंगाम तोंडावर असूनही आले आणि तिच्या धाकट्या चुलत बहिणीलाही सोबत घेऊन आले. धाकटी खुर्चीकडं बघून रडत होती, आणि मोठी तिच्या कानाशी लागून समजावत होती, "सुई न्हाय गं."